पाच वर्षांनी कुठे असाल?

चिंचवडच्या कारखान्यांत एप्रिल आला की अप्रेझलचा हंगाम सुरू होतो. वर्षाचं उद्दिष्ट एका ओळीत लिहायचं, टक्क्यांत मोजायचं आणि ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?’ याला गंभीर चेहऱ्यानं उत्तर द्यायचं. (चाकणच्या चौकात, ट्रॅफिकमध्ये, हे खरं उत्तर चालत नाही.)

या फॉर्मात अलेक्झांडर फ्लेमिंग साफ नापास झाला असता. १९२८ साली गडी जंतूंच्या बशा टेबलावर तशाच टाकून सुट्टीवर गेला. परतला तर एकीवर बुरशी. आपल्याकडे टापटिपीचं फाइव्ह-एस ऑडिट आदल्या दिवशीच आटोपलं असतं: बशी घासून रॅकवर, टेबलाभोवती पिवळी पट्टी आणि फ्लेमिंगच्या हातात मेमो. उद्दिष्ट होतं स्टॅफिलोकोकसचा अभ्यास. हाती लागलं त्या बुरशीतलं पेनिसिलिन.

त्याच पेनिसिलिनसाठी सरकारनं १९५४ साली शेजारच्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स काढली. काम ठरलेलं. पण तिथल्या डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी मातीतले सूक्ष्मजीवही धुंडाळले आणि चक्क बुरशीलाच मारणारं हॅमायसिन शोधलं. बुरशीच्या जिवावर उभ्या राहिलेल्या कारखान्यात बुरशीचाच कर्दनकाळ! ज्या सूक्ष्मजीवानं ते दिलं, त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरीचं नाव असं सूक्ष्मदर्शकाखाली जाईल, हे कुठल्या पंचवार्षिक योजनेत होतं?

तेव्हा एचआरच्या साहेबांनो, यंदाच्या फॉर्मात एक रकाना वाढवाच: ‘ठरलं नव्हतं, पण सापडलं.’ टक्केवारी मात्र मागू नका.