शेताखालचा गॅस विकणे आहे : इच्छुकांसाठी मार्गदर्शन

सर्वप्रथम गिऱ्हाईक शोधू नये. सर्वप्रथम सातबारा काढावा आणि त्यावर आपलं नाव किती खोलपर्यंत आहे ते पाहावं. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये सापडेल, आकारणी रुपये-पैशांत सापडेल, पोटखराबाही सापडेल. खोलीचा रकाना सापडणार नाही. तो छापायचा राहून गेलेला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिच्या कलम 48 ने भूपृष्ठावरची आणि भूगर्भातली सगळी खनिजं शासनाकडे ठेवली आहेत, आणि कुठली म्हणजे कुठली हे सांगताना खाणी, जुने ढिगारे, खड्डे, शेतं, बांध, नाले, नदीपात्रं असं एकेक नाव घेतलं आहे. वडिलांनी ज्या बांधासाठी चुलत्याशी वीस वर्षं बोलणं टाकलं, तो बांधही यादीत आहे. दोन्ही घरांना हे एकदा वाचून दाखवावं. समेटाला उपयोग होतो.

तरीही गॅस विकायचाच असेल, तर तुमच्या डोक्यात हे खूळ भरणारा पुतण्या बहुधा अमेरिकेत असतो. त्याचं चूक नाही. तिथे जमिनीचा वरचा थर एकाचा आणि खालचं खनिज दुसऱ्याचं असू शकतं, आणि ते वेगळं विकता येतं. पेनसिल्व्हेनियात तर जमीनमालकाला भाडेपट्ट्यात किमान एक-अष्टमांश रॉयल्टी मिळालीच पाहिजे असा 1979 पासून कायदा आहे. तिथल्या लोकांना घरबसल्या पत्रं येतात : तुमची रॉयल्टी एकरकमी विकत घेतो, सोबत धनादेश. शहाणा मालक तो धनादेश लगेच वटवत नाही. तो महिन्याच्या रॉयल्टीच्या किती पट रक्कम देऊ केली आहे ते पाहतो, शेल गॅसच्या विहिरीचं उत्पादन पहिल्या वर्षातच कसं घसरतं ते पाहतो, आणि आणखी दोन पत्रांची वाट बघतो. हे सगळं पुतण्याकडून नीट समजून घ्यावं, आणि मग त्याला कलम 48 पाठवावं.

आता मालकांचा क्रम. नैसर्गिक वायू हा विषय केंद्राचा. गुजरातने 2001 मध्ये स्वतःचा गॅस कायदा करून पाहिला. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्याला तो अधिकारच नाही. म्हणजे जिथे खरोखर गॅस निघतो, त्या शेजारच्या राज्यालाही जे जमलं नाही, ते तुम्ही नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याच्या दुय्यम निबंधकांपुढे करायला निघाला आहात. जमिनीवरच्या विहिरीतून वायू निघाला, तर स्वामित्वधन राज्याच्या तिजोरीत जातं. तुम्हाला मिळते ती वरच्या जागेची भरपाई. क्रमात आपण तिसरे, आणि रांग दोघांतच संपते.

एखादा वकील 2013 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढून दाखवेल, की कायद्याने काढून घेतलेलं नसेल तर जमिनीखालचं खनिज जमीनमालकाचंच. निकाल खरा आहे. पण तो केरळातल्या मलबारच्या जमिनींचा आहे आणि आपल्याकडे काढून घेणारा कायदा वर दिलेलाच आहे. वकिलाची फी मात्र दोन्हीकडे सारखीच.

खाली काही आहे का, हा प्रश्न मी मुद्दाम उशिरा घेतला. तापीकाठचा गाळ, त्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड. त्या दगडाखाली जुने गाळाचे थर असावेत आणि त्यांत तेलवायू असू शकेल, म्हणून शास्त्रज्ञ नर्मदा-तापीच्या पट्ट्यात तपासण्या करत आलेत. यातलं 'असू शकेल' हे विक्रीच्या जाहिरातीत घालू नये. उनपदेवच्या झऱ्याचं पाणी गरम आहे, हा पुरावाही देऊ नये. ते देवाचं आहे आणि त्यावर आधीच पुष्कळ हक्कदार आहेत. जुन्या विहिरीत बुडबुडे दिसत असतील, तर आधी विहीर उपसावी.

ज्याला गॅसचं मालक व्हायचंच आहे, त्याने गोठ्यामागे गोबरगॅसचा खड्डा करावा. वायू तोच, मिथेन. त्यावर केंद्राचा दावा नाही. फक्त खड्ड्यातून निघालेला मुरूम ट्रॉलीत भरून विकायला नेऊ नका, कारण तो गौण खनिज आहे आणि दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जातो.

दुसऱ्याचा गॅस तुमच्या शेतातून जाऊ शकतो. पाइपलाइनसाठी 1962 चा कायदा आहे : जमीन तुमच्याच नावावर राहते, सरकार वापराचा हक्क घेतं, नुकसानभरपाईशिवाय बाजारभावाच्या दहा टक्के देतं, आणि नंतर त्या पट्ट्यात घर, विहीर, तळं, झाड काही करता येत नाही. हरकतीला 21 दिवस. पपई हे झाड की पीक, हा वाद शहाद्याच्या शेतकऱ्याने त्या 21 दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्यापुढे जरूर घालावा.

एवढं झाल्यावर लक्षात येईल की तुमच्याकडे विकण्यासारखी वस्तू एकच आहे : सही. आणि तिला नंदुरबारात गिऱ्हाईक आहे. पांढऱ्या गाडीतून येतं, पायात बूट असतात, तोंडाने "काय भाव शे, भाऊ?" म्हणतं, पण भाव त्याने आधीच ठरवलेला असतो. पवनचक्की, सोलर, कधी नुसतं 'प्रोजेक्ट'. पिशवीत पाचशेचा स्टॅम्प पेपर, त्यावर इसार पावती, आणि सगळ्यात खाली, चुकून आल्यासारखं, कुलमुखत्यारपत्र. मूल्यमापन खालून सुरू करावं. तो कागद आधी काढून त्याच्या हातात परत द्यावा आणि चेहरा बघावा.

भावासाठी एक माप सरकारनेच दिलं आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये भाड्याचा दर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरवर्षी 3 टक्के वाढ असा आहे. गाडीवाला 'एकरी वीस, तीस वर्षं, फिक्स' म्हणाला, तर त्या 'फिक्स'वर हिशोबाची वही उघडावी. तिसाव्या वर्षी वीस हजारांत काय येतं ते आजोबांना विचारावं. तीस वर्षांपूर्वीच्या वीस हजारांत काय येत होतं, ते त्यांना माहीत असतं.

जमीन आदिवासीची असेल, तर हा विनोद संपतो. 1970 च्या दशकात शहादा-तळोद्यात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेने जो लढा दिला, तो याच कागदांविरुद्ध होता : दोन पोती ज्वारीसाठी अंगठा, आणि अंगठ्याखाली जमीन. नंतर कायदा बदलला. 6 जुलै 1974 पासून कलम 36-अ लागू आहे. बिगर आदिवासीला भाडेपट्टा वा गहाण पाच वर्षांपर्यंत द्यायचं, तरी जिल्हाधिकाऱ्यांची आधी मंजुरी. त्याहून जास्त किंवा विक्री, तर वर शासनाचीही मान्यता. त्यामुळे पाचशेच्या स्टॅम्पवरचा तीस वर्षांचा करार तुमच्यापेक्षा त्या गाडीवाल्यालाच जास्त धोक्याचा आहे. ते त्याला ठाऊक असतं. म्हणूनच तो 'आधी सही, परवानगी मागून बघू' म्हणतो.

अशा वेळी भांडू नये. चहा द्यावा, सही देऊ नये, आणि ग्रामसभेची तारीख द्यावी. कागद तिथे वाचू, मोठ्याने, आधी मराठीत आणि मग आपल्या बोलीत, असं सांगावं. बहुतेकांचा फोन त्या दिवशी लागत नाही. ज्याचा लागला, त्याच्याशी भावाचं बोलावं : पाच वर्षं, दरवर्षी वाढ, पैसे बँकेतून, आणि कुलमुखत्यारपत्राशिवाय.