फाटक उघडलंय का, विचारलंस?

अगं, काल तुमच्या गाडीच्या टपावर तो तंबू चढताना दिसला तेव्हाच ओळखलं, मेलबर्न कपच्या सुट्टीत स्वारी कुठेतरी निघणार. वोनंगाटाच्या खोऱ्यात? मग ते कपडे राहू देत जरा दोरीवर. इकडे ये, कुंपणापाशी. आमच्या ह्यांच्या कानावर गेलं तर तुझ्या नवऱ्याला तासभर सोडणार नाहीत, त्यापेक्षा मीच सांगते.

गाडीचं सगळं झालं असेलच. स्नॉर्कल लागला, विंच लागला, टायर नवे. पण फाटक उघडलंय का, ते कुणी बघितलं? बघ, गप्प झालीस! हाय कंट्रीतले, म्हणजे तिथल्या डोंगरातले, कितीतरी कच्चे रस्ते जूनमधली राजाच्या वाढदिवसाची सुट्टी संपली की बंद करतात, ते कपच्या सुट्टीच्या तोंडाशी उघडतात. ओल्या मातीत चाकं फिरली की रस्त्याची घळ होते आणि ती माती जाते नदीत, म्हणून. आणि पाऊस लांबला तर उघडायची तारीखही लांबते. पार्क्स व्हिक्टोरियाच्या साइटवर एकेका रस्त्याचं नाव घालून लिहिलेलं असतं, ते वाचायचं. झेका स्पर उघडला म्हणून वॉम्बॅट रेंजही उघडला असेल, असं नाही.

त्या कोपऱ्यावरच्या लाल विटांच्या घरातले माहीत आहेत ना? नाव नको घ्यायला. ऑक्टोबरात गेले. फोनवरच्या नकाशात रस्ता दिसतोय, मग विचारायचं कुणाला! चार तासांच्या वर गाडी हाणली, डार्गो गाव मागे टाकलं, आणि पुढे लोखंडी फाटक, त्याला हे एवढं कुलूप. पोरं रडकुंडीला. वहिनी मला सांगत होत्या, परत येताना गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. नकाशाला काय कळतंय गं? काही वाटा फक्त राष्ट्रीय उद्यानाच्या गाड्यांसाठी असतात, त्याही तो तशाच रेघेने दाखवतो.

फाटक मिळालं उघडं, तरी नदी आहेच. नोव्हेंबर म्हणजे वर बर्फ वितळलेलं आणि वसंतातला पाऊस. टॅलबटव्हिलकडून क्रुकेड रिव्हरच्या वाटेने गेलात तर तीच नदी पुन्हा पुन्हा ओलांडावी लागते. एकदा जमलं की माणसाला वाटतं, आता काय! आमच्या कोकणात साकवावरून पाणी गेलं की आधी काठावरच्या माणसाला विचारायचे, ‘चढतंय की उतरतंय?’ इथे काठावर माणूस नसतो, पण मोजणी असते. वोनंगाटा नदीचं पाणी क्रुकेड रिव्हर मिळते तिथे मोजतात, आणि हवामान खात्याच्या पानावर ते आकडे येतात. नुसता आजचा आकडा नको, दोन-तीन दिवसांचे बघा. चढता असेल तर तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी काही खरं नाही.

ह्यांच्या ऑफिसातल्या एकाची हीच गत झाली. शुक्रवारी झोकात नदी पार केली, शनिवारी रात्री वर डोंगरात पाऊस, रविवारी परतायला बघतात तर पाणी दुप्पट. सोमवारी ऑफिसला दांडी, आणि कळवायला फोनला रेंज नाही! शहाण्यासारखे बसून राहिले म्हणून आज दिसतायत तरी.

आणि त्या स्नॉर्कलवर फार विसंबू नका. तो इंजिनाला हवा देतो, गाडीला बूड देत नाही. किती पाण्यातून जायचं ते गाडीच्या पुस्तकात असतं. फोर्ड रेंजरला ८०० मिलिमीटर, नव्या लँड क्रुझरला ७००. तेही संथ पाण्याचं. ओढ असेल तर गुडघाभर पाणीही चाकं उचलतं. उतरून, काठी घेऊन आधी चालत जाऊन बघायचं. जिथे चालवणार नाही तिथे गाडी घालायची नाही. आणि चढ उतरून आल्या आल्या पाण्यात शिरायचं नाही. तापलेला डिफरन्शियल गार पाण्यात गेला की आत पाणी ओढून घेतो. दहा मिनिटं थांबा, चहा प्या. ह्यांना हे सांगायला इतकं आवडतं की पाहुण्यांनाही सांगतात.

आणि हो, वोनंगाटाची ती जुनी भानगड ठाऊक आहे का तुला? अगं, खुनाची! तिथल्या गुरांच्या वाडीचा व्यवस्थापक होता बार्कले. १९१८ च्या फेब्रुवारीत त्याचं प्रेत ओढ्याकाठी पुरलेलं सापडलं. सगळ्यांनी स्वयंपाकी बॅमफर्डवर बोट ठेवलं, तो नाहीसाच झाला होता ना. आणि वर्षाच्या शेवटी, वरचं बर्फ वितळल्यावर, बॅमफर्डही सापडला गोळी लागून मेलेला! कुणी मारलं, आजतागायत कळलं नाही. वाडीचं घरही १९५७ मध्ये जळून गेलं. मुलांना रात्री शेकोटीपाशी सांगू नका मात्र.

निघायच्या आदल्या रात्री फाटक आणि पाणी, दोन्ही परत बघा. आगीचा इशाराही. पेट्रोल डार्गोलाच भरून घ्या. परतायच्या दोन वाटा ठरवा, आणि तो कागद माझ्याकडे ठेवून जा: कुठून जाणार, कुठे राहणार, किती वाजेपर्यंत येणार. मंगळवारी रात्रीपर्यंत दिवा दिसला नाही तर मी पोलिसांना फोन करीन, सांगून ठेवते. गाडीचा नंबरही लिही त्यावर. पोलिसांनी विचारलं तर ‘मोठी आहे, पांढरी आहे, टपावर तंबू आहे’ एवढंच येतं मला, आणि कपच्या सुट्टीत तसल्या गाड्या अख्ख्या डार्गोभर असणार.