चांदवडात बेगोनिया: पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी

कंदाचा बेगोनिया लावायचं ठरवलंत, अभिनंदन. आता तो कंद उटीला राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला देऊन टाका, तिकडे तो छान येतो. तरीही इथंच लावायचा हट्ट असेल, तर पुढे वाचा.

कंद तपकिरी, चपटा, अंगठ्याने दाबलेल्या पेढ्यासारखा. खळगा वर ठेवायचा, कोंब तिथूनच फुटतो. पाणी मात्र खळग्यात नको, कडेकडेने घाला. खळग्यात साचलं की कंद कुजलाच. तो न्याहाळत ओट्यावर बसलात की कोणीतरी विचारेल, "हा कांदा कुठला?"
"फुलाचा आहे."
"खात नाहीत?"
"नाही."
"मग भाव काय भेटतो?"
कांद्याच्या तालुक्यात हे प्रश्न रास्तच आहेत. चिडू नका.

खरी गोची हवेची. याचं मूळ बोलिव्हिया-पेरूकडच्या अँडीज डोंगरात. इंग्लंडमध्ये व्हीच यांच्या रोपवाटिकेत जॉन सेडन यांनी केलेला पहिला संकर 1870 च्या सुमारास बाजारात आला. त्याला रात्र थंड हवी आणि दिवसही मोठा हवा, दोन्ही एकदम. चांदवड दोन्ही देतं, पण हप्त्याने. मे महिन्यात दिवस 13 तासांचा, पण पारा चाळिशीला. डिसेंबरात रात्री गोधडी लागते, पण दिवस जेमतेम 11 तासांचा. दिवस 12 तासांच्या खाली उतरला की हा गडी फुलं सोडून कंद पोसायला लागतो. तेव्हा "थंडी पडू द्या, मग लावा" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

उरला पावसाळा. एप्रिलअखेर घरातल्या गार कोपऱ्यात कोकोपीटमध्ये कंद रुजवा, पाऊस धरला की कुंडीत हलवा. कुंडी ओसरीत ठेवा: सकाळचं कोवळं ऊन मिळावं, पाऊस आणि घाटाकडचा वारा अंगावर येऊ नये. (सह्याद्रीच्या ओल्या कातळावर बेगोनिया क्रेनाटा पावसाळ्यात आपला आपण उगवतो. तोही कंदाचाच. त्याच्यासाठी कोणी मार्गदर्शिका लिहिलेली नाही.)

पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी. सल्ल्याला लांब जायला नको, कोणताही द्राक्षबागाईतदार ती चालत्या गाडीवरून ओळखेल. फक्त तो पाठीवर पंप अडकवून आला तर दारातच थोपवा. तुमचं झाड एकच आहे.

श्रावणात फूल आलं तर नीट बघा. मधोमध मिरवणारं भरगच्च फूल नर. बाजूची साधी, मागे तीन पंखांची पिशवी असलेली फुलं मादी. मधलं मोठं व्हावं म्हणून बाजूची खुडतात. यावर घरात जी चर्चा होईल, तिच्यात पडू नका.

दिवाळीच्या आसपास पानं पिवळी पडली की पाणी तोडा. देठ आपोआप गळून पडला की कंद काढा, सावलीत सुकवा, कोरड्या वाळूत हवेशीर ठेवा. चाळीत कांदा टिकवणाऱ्यांना यापुढे काय शिकवायचं! डब्यावर नाव मात्र ठळक लिहा. भोगीच्या भाजीत घरात सापडेल ते पडतं, आणि या कंदातल्या ऑक्सलेटने घसा धरतो.