प्रकरण तिसरे

संदर्भसूची मात्र माझी देखणी आहे. स्वल्पविराम, प्रकाशनवर्षं, आवृत्त्या, सगळं जागच्या जागी. घरी कुणी आलं की लॅपटॉपवर ती सहज उघडी राहिलेली असते. "एवढं सगळं वाचलंत?" असं विचारलं की मी नुसता हसतो, म्हणजे खोटंही बोलावं लागत नाही. ज्या प्रबंधाची ही सूची आहे, तो दाखवा असं आजवर कुणी म्हटलेलं नाही, ही त्या विधात्याची कृपा.

विषय लोकहितवादींची शतपत्रे. पंचविशीतल्या या सरकारी नोकराने १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर' साप्ताहिकात १०८ पत्रं लिहिली, तीही नोकरी सांभाळून. माझ्या तिसऱ्या प्रकरणाचं नाव 'शतपत्रांतील आळसावरची टीका'. तेच रखडलंय. स्टाफरूममध्ये यावर हसतात; मी त्याला विषयाशी समरस होणं म्हणतो.

आता माझी ख्याती पडली व्यासंगी म्हणून. एकाच प्रकरणाला चिकटून बसलो तर ती टिकायची कशी? परवा एक शब्द तपासायला डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशाकडे वळलो आणि तिथेच रमलो. काय थाट आहे त्या कामाचा! १९४८ साली सु. मं. कत्रे यांनी ते मांडलं. ऋग्वेदापासून पुढचे सुमारे दीड हजार ग्रंथ घ्यायचे, शब्द वेचायचे, प्रत्येकाची संदर्भासकट चिठ्ठी करायची. अशा जवळपास एक कोटी चिठ्ठ्या जमल्या. पहिला भाग छापून आला १९७६ साली. म्हणजे आरंभाच्या वर्षी जन्मलेलं पोर तोवर बोहल्यावर चढून उतरलं असेल. पुढे तीसहून जास्त खंड निघाले, तरी मुक्काम अजून 'अ'वरच. हे वाचून मला जो धीर आला तो आमच्या गाईड मॅडमच्या फोनने कधी आला नव्हता. तीन पिढ्या एका अक्षरावर काढतात, मग मला एका प्रकरणावर घाई कसली?

पण मग त्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांचा विचार डोक्यातून जाईना. 'ह'ची चिठ्ठी ज्याने लिहिली असेल, त्याला ती आपल्या हयातीत छापली जाणार नाही हे उघड दिसत असणार. नातवाच्याही नाही कदाचित. तरी त्याने ओळ तपासली असेल, श्लोकाचा आकडा पुन्हा पाहिला असेल. त्याबद्दल त्याला कुणी गुण दिले नसतील. आमच्याकडे गुणांशिवाय पान हलत नाही. बढतीच्या फायलीत चर्चासत्रांची प्रमाणपत्रं अशी खच्चून भरलीत की फाईल मिटत नाही. त्यातलं एक सत्र आंतरराष्ट्रीय होतं, कारण संयोजकांचा मेहुणा दुबईहून ऑनलाइन आला होता. शतपत्रे नीट वाचून काढली याला मात्र कुठल्याच रकान्यात जागा नाही. चिडावं तर वाटतं. पण त्या मेहुण्यानंतर दुसरा निबंध माझाच होता आणि फोटोत मी मधोमध आहे.

हे सगळं मॅडमना सविस्तर सांगितलं. कोशाचं तर फारच रंगवून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"अरे, ते 'अ'वर असतील, पण लिहितात. तू कशावर आहेस?"

मी गप्प.

"पुढच्या वर्षी मी रिटायर होते. नंतर तुला दुसरा गाईड मिळेल, पण इतकं ऐकून घेणारा मिळणार नाही. रविवारपर्यंत दोन पानं पाठव. कशीही पाठव."

आवाजात राग नव्हता, म्हणून तर जास्त लागलं. रविवारी रात्री खरोखरच दोन पानं पाठवली. दहा मिनिटांत उत्तर आलं:

"तळटीपा उत्तम आहेत. त्या कशाच्या खाली आहेत?"