त्रेचाळिसाव्या मजल्यावरचं वाळवण

"ताई, आलात कधी? रात्री खिडकीत उजेड दिसला, म्हटलं चोर शिरला की काय! ह्यांना उठवणारच होते."

आमच्या दोन अंगणांमधली भिंत छातीइतकी. वरच्या थरातली एक वीट सैल आहे. ती काढली की विरजणाची वाटी बरोबर पलीकडे जाते. बिर्लानगरच्या या लाइनीत राहून पस्तीस वर्षं झाली, वीट कुणी लिंपली नाही. वहिनी आल्या, पदराला हात पुसले, वीट काढून बाजूला ठेवली. म्हणजे गप्पा लांबणार.

"अहो, दादरहून गाडी धरली, घरी येईतो मध्यरात्र. आषाढात गेले ते आता होळीच्या तोंडावर आले. आठ महिने!"

"आणि मुलाचं नवं घर? कितवा मजला म्हणालात?"

"त्रेचाळिसावा."

वहिनींनी किल्ल्याकडे पाहिलं. ग्वाल्हेरच्या माणसाला उंची म्हटली की दुसरं माप नाही. "आपल्या किल्ल्याएवढं असेल?"

"किल्ल्याचा डोंगर गावापासून शंभरेक मीटर. आमच्या पोराचं स्वयंपाकघर त्याच्याही वर. आणि ते काहीच नाही म्हणे. तिथंच लोअर परळला 'वर्ल्ड वन' आहे, दोनशे ऐंशी मीटर, 76 मजले. आपला डोंगर एकावर एक जवळपास तीनदा ठेवा, तेवढं. मुळात तर 442 मीटर बांधायचं चाललं होतं, पण विमानतळवाल्यांनी एवढ्या उंचीला परवानगी दिली नाही. म्हणून कमी केलं."

"बरं केलं. विमानातल्या माणसांनी बघितलं असतं, हिच्याकडे आज कुठली भाजी ते."

वहिनींचं हे असं. पण खरं सांगू, पहिला महिना मला भाजीचंसुद्धा सुचत नव्हतं. लिफ्टमध्ये शिरलं की कान बंद, बाहेर आलं की उघडे. आपल्या मजल्याचं बटण दाबायचं तर आधी कार्ड टेकवायचं. कार्ड विसरलात तर तुम्ही तुमच्याच घरी पाहुणे. खाली काचेचा दिवाणखाना, त्याला लॉबी म्हणायचं. तिथल्या सोफ्यावर आठ महिन्यांत मी कुणाला बसलेलं पाहिलं नाही. भाजीवाला येत नाही, भाजी येते. तिच्याआधी फोनवर चित्र येतं, या माणसाला वर सोडू का म्हणून. सून ऑफिसात बसून 'हो' म्हणते, मी घरात बसून दार उघडते.

"शेजारी कोण?"

"तेच तर! एका मजल्यावर चार घरं. समोरच्या दाराबाहेर कुत्र्याची छत्री ठेवलेली असायची. कुत्रा दिसला, छत्री दिसली, माणूस दिवाळीला दिसला. त्यानं मिठाईचा डबा दिला, आतून हॅपी दिवाळी म्हणाला आणि दार लावलं. बिचारा वाईट नव्हता. त्याला वीट काढायला भिंतच नव्हती."

आता वाळवणाची गोष्ट सांगते, ती तुमच्यापर्यंत माझ्या सुनेमार्फत पोहोचायच्या आधी. माघाचं ऊन पडलं आणि मला राहवेना. कोहळा किसला, डाळ वाटली, बाल्कनीत प्लॅस्टिक अंथरून सांडगे घातले. चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. आपल्याकडे पुरतात की! दुपारी डोळा लागला. तिथला वारा आपल्यासारखा झुळझुळ येत नाही हो. तो भिंतीला आपटतो, वर चढतो आणि कोपऱ्यावरून वळताना शीळ घालतो. प्लॅस्टिक उचललं गेलं आणि माझे सांडगे थेट सातव्या मजल्यावर.

"सातव्यावर काय?"

"पोहण्याचा तलाव."

वहिनी भिंतीला धरून हसल्या. संध्याकाळी सगळ्या रहिवाशांना पत्र गेलं. बाल्कनीतून 'अनोळखी खाद्यपदार्थ' पडल्यामुळे तलाव दोन दिवस बंद. अनोळखी! मुलानं ते वाचून दाखवलं तेव्हा मला सांडग्यांपेक्षा त्या शब्दाचं जास्त लागलं. वाट्या मात्र चारही जागेवर होत्या.

पण एवढं सगळं नवं बघून एक दिवस विचारलंच मुलाला, की बाबा, इथं आधी काय होतं? तो म्हणाला, मिल.

"काय सांगता!"

"हो. तो वर्ल्ड वनसुद्धा श्रीनिवास मिलच्या जागेवर. वरळीचा तो दुसरा उंच, पॅले रॉयाल, श्रीराम मिलच्या जागेवर. ताडदेवचे ते इंपीरियलचे जोड मनोरे, साठ-साठ मजल्यांचे, 2010 सालचे, ते एम. पी. मिल कंपाउंडात. तिथं झोपडपट्टी होती, त्या लोकांना तिथंच इमारती बांधून दिल्या आणि उरलेल्या जागेत मनोरे. फिनिक्स मिलमध्ये तर बाजार भरतो, धुराडं तेवढं ठेवलंय शोभेला."

आपलं बिर्लानगरही मिलनंच वसवलेलं, तुम्हाला काय सांगायचं. घनश्यामदास बिर्लांनी 1921 साली जियाजीराव कॉटन मिल काढली, भोवती लाइनी उठल्या, स्टेशनाला नाव मिळालं. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात घड्याळ होतं, पण किल्ली कुणी देत नसे. भोंगा झाला की कणीक भिजवायची, दुसरा झाला की ताट वाढायचं. मग नव्वदीच्या सुरुवातीला मिल बंद पडली आणि सकाळ कधी होते ते कळेना. मुंबईत हेच दहा वर्षं आधी झालेलं. 18 जानेवारी 1982, दत्ता सामंतांचा संप, अडीच लाख कामगार बाहेर. तो संप कुणी मागे घेतला नाही, तो तसाच विरून गेला, असं तिथले लोक अजून सांगतात. भोंगे गेले, जमिनी राहिल्या.

"मग जमिनी कुणाला?"

हे मी आमच्या भाच्याकडून समजून घेतलं. तोच, इथं माधव इंजिनिअरिंगला शिकलेला. आता मुलाच्या शेजारी जो नवा मनोरा उठतोय, त्या कामावर साइट इंजिनिअर आहे. तो म्हणाला, मामी, 1991 साली सरकारनं नियम केला, मिलच्या जागेचे तीन वाटे. एक पालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. मग 2001 साली नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची. जिथं शेड उभी, ती जमीन वाटणीत धरायची नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 2006 साली तो बदल कायम झाला.

वहिनींना क्षणात कळलं. "म्हणजे भावकीतल्यासारखं. परसाचे तीन वाटे करा, वाडा मात्र थोरल्याकडे."

इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं.

मुलाकडे कामाला येणारी बाई त्याच म्हाडाच्या वाट्यातल्या इमारतीत राहते. तोही मनोराच, वीसेक मजल्यांचा, आमच्या बाल्कनीतून खाली दिसतो. 2012 साली गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली. 6,925 घरं होती आणि अर्ज लाखाच्या वर. घर सव्वादोनशे चौरस फुटांचं, किंमत साडेसात लाख. तिच्या सासऱ्यांचं नाव लागलं. ते साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. एकदा ती फरशी पुसता पुसता खिडकीशी थांबली आणि खालच्या गाड्या लावायच्या जागेकडे बोट करून म्हणाली, आजी, आमच्या मामंजींचे साचे तिथं होते. मग परत फडकं पिळलं.

ती येते सर्व्हिस लिफ्टनं. गळ्यात कार्ड, फाटकावर अंगठा, पिशवी उघडून दाखवायची. आपल्या मिलच्या गेटवर बिल्ला दाखवून आत सोडत आणि सुटताना अंगझडती घेत, तसंच. मी मुलाला म्हटलं, मिल बंद झाली म्हणतोस, गेट तर चालूच आहे. त्याला ते आवडलं नाही. त्याच्याही गळ्यात कार्ड असतं ना, ऑफिसचं!

"पण ताई, एवढं उंच उभं कसं राहतं?"

भाच्याला हेच विचारलं तर तो खुलला. आधी लिफ्ट आणि जिन्यांचा मधला गाभा वर चढवत नेतात, जाड काँक्रीटचा. देठ आधी आणि पानं मागून. त्याला धरून मजले घालत जायचे. जम बसला की आठवड्याला एक स्लॅब. काँक्रीट पंपानं नळीतून वर ढकलायचं आणि मोठी ओतणी बहुतेक रात्री. रात्री रस्ते मोकळे, ऊनही नाही. काँक्रीट आळताना आतून तापतं, फार तापलं तर तडे जातात. म्हणून त्यातल्या काही पाण्याऐवजी बर्फ घालतात.

"बर्फ! काँक्रीटमध्ये!"

"मीही अशीच ओरडले. बर्फ मी आंब्याच्या पन्ह्यातच पाहिलेला. आणि ऐका, इमारत हलते. हलायलाच हवी, न हलेल ती मोडेल, असं तो म्हणतो. बांधायच्या आधी छोटी प्रतिकृती करून बोगद्यात वारा सोडून तपासतात. श्रावणात एका वादळी रात्री झोप येईना म्हणून उठले. ओट्यावर पातेल्यात पाणी होतं, त्यावर बारीक वळ्या उठत होत्या. कुणी हात लावलेला नाही, गॅस बंद. मी दिवा घालवला, रामरक्षा म्हटली आणि पातेलं झाकून ठेवलं."

एकदा दुपारी आगीची घंटा झाली. मला वाटलं भोंगा! हात आपोआप कणकेच्या डब्याकडे. नुसती तालीम होती. त्या दिवशी कळलं, की दर सातएक मजल्यांनंतर एक मोकळी जागा सोडलेली असते. आग लागली तर तिथं जमायचं आणि बंब येईपर्यंत थांबायचं. तिथं घर नाही, सामान ठेवायचं नाही, नुसता ओटाच म्हणा. आठ महिन्यांत पहिल्यांदा दहाबारा घरांतल्या बायका एकत्र दिसल्या. कुणी गुजराती, कुणी सिंधी, एक तर आपल्या इंदूरची! लोणच्यापर्यंत विषय गेला तोच माणूस आला, तालीम संपली म्हणाला. मनात आलं, खरी लागती तर... छे, असं बोलू नये.

आता खरी शेजाऱ्याची गोष्ट. तुमच्याशिवाय कुणाला सांगणार नाही, सून वेड्यात काढील.

शेजारच्या मनोऱ्यावर पिवळी क्रेन होती. तिच्या मानेपाशी काचेची खोली, खोलीत एक माणूस. मी गेले तेव्हा तो माझ्या खूप खाली होता. खोलीचं छप्पर तेवढं दिसायचं, त्यावर कावळा बसलेला. मजले चढत गेले तशी क्रेनही चढत गेली. दसऱ्याला त्याचे हात दिसायला लागले, दिवाळीनंतर चेहरा. सकाळी शिडीनं चढायचा, कमरेला पट्टा, पाठीला पिशवी. एकदा वर गेला की संध्याकाळपर्यंत खाली नाही. बाराला डबा उघडायचा. मीही बाराला माझं ताट घेऊन बाल्कनीत बसायला लागले. मधे निव्वळ हवा, खाली दीडशे मीटर, आणि आम्ही दोघं जेवतोय. पहिले काही दिवस तो मान फिरवायचा, परक्या बाईकडे कसं बघायचं म्हणून. मग एक दिवस मी पोळी वर करून दाखवली. त्यानं त्याची दाखवली. जाडी होती, आपल्याकडच्या टिक्कडासारखी.

वहिनींनी हसणं थांबवलं होतं.

संक्रांतीला तो बरोबर माझ्या समोर होता. मुरैन्याची गजक इथून नेलेली, त्यातला एक डबा भाच्याच्या हाती दिला, म्हटलं वर पोचव. दुसऱ्या दिवशी बाराला त्यानं काचेला डबा टेकवून दाखवला आणि दोन्ही हात जोडले. झारखंडचा आहे, भाचा म्हणाला. घरी आई आहे. ज्या इमारतीत तो एवढे मजले चढवतो, तिच्या लिफ्टमध्ये त्याला नंतर कुणी सोडणार नाही, हेही भाच्यानंच सांगितलं. अगदी सहज सांगितलं, बर्फाचं सांगितलं होतं तसं.

मग आठवड्याला एक, असा तो वर सरकत गेला. आधी मान वर करून दिसायचा, मग काचेचा तळ, मग नुसती दोरी आणि आकडा. निघायच्या दिवशी मी बाराला बसले होते. वर काही दिसलं नाही. सावली मात्र आमच्या बाल्कनीवरून फिरून गेली.

"नाव काय त्याचं?"

"विचारायचं राहिलं."

वहिनींनी वीट उचलली, परत ठेवली. मी गव्हाचा चीक निघाला का विचारलं. तीन दिवस झाले भिजवून, त्यांच्या घरी आंबूस वास सुटलेला मला भिंतीअलीकडे आलाच होता. मिलच्या बाजूला बाभळी आणखी वाढल्या आहेत, संध्याकाळी तिकडून जाऊ नका, असंही त्यांनी जाता जाता सांगितलं.

उद्या कुरडया घालायच्या ठरल्या आहेत. माझ्या गच्चीवर, सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत. सोऱ्या त्यांचा, खाटा माझ्या, आणि चार कोपऱ्यांना वाट्या नकोत, वरवंटेच ठेवू म्हणाल्या.