जीर्णोद्धारक

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी एखादा गृहस्थ उकिडवा बसून टेबलाखाली डोकं घालताना दिसला, तर त्याचं काही हरवलंय असं समजू नका. तो जीर्णोद्धारक. टेबल वरून कुणीही बघतं, हा खालून बघतो. आतल्या कडेला किल्लीनं जरा खरवडतो, वास घेतो आणि तोंड वाकडं करून म्हणतो, "आंब्याचं दिसतंय." सागवान असल्याची पक्की खात्री पटल्याशिवाय हे वाक्य तो कधी उच्चारत नाही. दुकानदारालाही ते ठाऊक असल्यामुळे भाव तसूभर उतरत नाही.

वस्तू टेम्पोतून घरी येते, बहुतेक वेळा तीन पायांवर. "अहो, हे कशाला?" असं विचारणं वहिनींनी केव्हाच सोडलंय. आता त्या दारातूनच "ढेकूण?" एवढंच विचारतात आणि वस्तूची रवानगी गच्चीवर, कडक उन्हात होते. खालून पिठासारखा भुसा गळत असेल तर आत कीड जिवंत आहे हे नक्की. मग हा इंजेक्शनची सिरिंज घेऊन भोकाभोकात रॉकेल सोडत बसतो. स्वतःची बीपीची गोळी मात्र त्याला वहिनींनी आठवण करून द्यावी लागते.

भोकं लांबी भरून बुजली की घासकाम. आधी ८० नंबरचा पॉलिशपेपर, मग १२०, मग २२०, आणि तोही लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच. मदतीला आलेल्या नातवानं आडवा हात मारला की पेपर काढून घेतला जातो. पार्किंगमधल्या गाड्यांवर सागवानी थर बसतो. सोसायटीच्या सेक्रेटरीची चिठ्ठी येते. तिच्या पाठीमागे हा कपाटाची मापं लिहितो.

पॉलिश बाजारातून तयार आणणं म्हणजे कमीपणा. स्पिरिटमध्ये चपडी रात्रभर भिजत घालायची, तीही लोणच्याच्या बरणीत. सकाळी धोतराच्या मऊ तुकड्यात कापसाचा बोळा बांधून हात सुरू. हात थांबला की डाग पडतो, म्हणून बेल वाजली तरी दार उघडत नाही. दमट हवेत हे पॉलिश पांढुरकं पडतं, त्यामुळे जून ते सप्टेंबर हा माणूस बेकार असतो आणि घरच्यांना असह्य.

मध्यंतरी सुनेनं सुचवलं, "बाबा, त्या खुर्चीला आकाशी चॉक पेंट देऊ या? घासावंही लागत नाही." घासावं लागत नाही! हे मात्र त्याच्या जिव्हारी लागलं. घासायचंच नसेल तर जुनं आणायचं कशाला? हा रंग १९९० साली अ‍ॅनी स्लोन नावाच्या इंग्लंडातल्या बाईंनी काढला हे कळल्यावर तो म्हणाला, "त्यांचा ओक त्यांनी खुशाल रंगवावा. सागाला हात लावायचा नाही." शेवटी सुनेला प्लायवुडचा चपलांचा रॅक देऊन तह झाला. तिनं एका दुपारात तो आकाशी केला, पितळी मुठी लावल्या, आणि आता येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्या रॅकचं कौतुक करतो. माझ्या मते तो खरोखरच छान झालाय, पण हे त्याच्यासमोर बोलायची माझी छाती नाही.

इतकं सगळं करून टेबल वापरात येतं म्हणाल, तर छे. चपडीच्या पॉलिशवर गरम कप टेकला की पांढरं वर्तुळ उमटतं. घरात चार टेबलं आणि चहा प्रत्येकाच्या हातात.

परवा एका घरी आम्ही दोघं भेटायला गेलो होतो. नव्वदीचे आजोबा गेले होते. सगळे गप्प. हा आजोबांच्या आरामखुर्चीच्या हातावरून सावकाश हात फिरवत होता. त्याला भरून आलंय असं वाटून घरच्यांचेही डोळे पाणावले. मग मुलाच्या कानाशी लागून त्यानं हळूच विचारलं, "बर्मा टीक ना?"

मुलगाही तितक्याच हळू म्हणाला, "हो काका. पण समोरच्या बिल्डिंगमधले अण्णा कालच इसार देऊन गेलेत."