एवढंसंच उरलंय

गौरी जेवतात त्या दिवशी कुणाचंही वजन वाढत नाही, असं माझं ठाम मत आहे. ते वाढतं गौरी जेवून झाल्यावर. फ्रिजमध्ये एकावर एक रचलेल्या झाकणाच्या वाट्या, पातेल्याच्या तळाशी राहिलेली कटाची आमटी, फडक्यात गुंडाळलेल्या पोळ्या, आणि या सगळ्यांकडे बघत अत्यंत प्रेमळ आवाजात उच्चारलेलं ते वाक्य : "एवढंसंच उरलंय गं, संपवून टाक." साखर, तूप आणि मैद्याला लोक उगाच नावं ठेवतात. मराठी बाईच्या कमरेचा घेर या वाक्यानं वाढवलाय.

मी डाएट श्रावणात सुरू केलं होतं. त्यामागे हिशेब होता. श्रावणात तसेही निम्मे वार कसले ना कसले उपास असतात, त्यांचा आपोआप फायदा मिळेल. साबुदाण्याची खिचडी या हिशेबात धरली नव्हती, पण तो विषय वेगळा. डाएटिशियनबाईंनी दिलेला तक्ता फ्रिजच्या दारावर चिकटवला. त्यात जागोजागी 'एक वाटी' असं लिहिलं होतं. कुठली वाटी, यावरून आमच्या घरात दोन दिवस वाद झाला. आमटीची वाटी निराळी, श्रीखंडाची निराळी, आणि माझ्या माहेरून आलेली काठाची वाटी म्हणजे जवळजवळ पातेलंच. शेवटी बाईंना वाटीचा फोटो पाठवून शिक्कामोर्तब करून घेतलं. तक्त्याच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'सणाच्या दिवशी एक पुरणपोळी चालेल.' त्या एका पोळीनंतर काय करायचं, याबद्दल तक्ता गप्प होता.

नैवेद्याच्या स्वयंपाकाची एक अडचण डाएटच्या कुठल्याही तक्त्यात नसते. तो चाखता येत नाही. पहाटे उठून डाळ शिजवायची, चाळणीवर उपसून कट बाजूला काढायचा, डाळीत गूळ घालून परतत राहायचं. पुरणात उलथनं उभं केलं आणि ते न कलंडता तसंच उभं राहिलं, की पुरण झालं. मग गरम असतानाच ते पुरणयंत्रातून फिरवायचं, कारण गार झालं की यंत्राचा दांडा हलायला तयार नसतो. वर जायफळ किसायचं. या सगळ्या काळात नाकानं सगळं खाल्लेलं असतं आणि जिभेला एक कण मिळालेला नसतो. पुढे सोळा भाज्या, भजी, अळूवड्या, पंचामृत, कोशिंबिरी. मग आरत्या. प्रत्येक घरात एक भाचा असा असतो, ज्याला सगळ्या आरत्या पाठ असतात आणि एकही सोडायची नसते. तो घालीन लोटांगणपर्यंत पोहोचतो तेव्हा दुपारचे अडीच वाजलेले असतात. पहाटे साडेपाचपासून पुरणाच्या वासात उभ्या असलेल्या बाईला अडीच वाजता पानावर बसवायचं आणि 'एकच' म्हणायचं, हे गौरीलाही पटायचं नाही. शिवाय तूप वाढताना 'पुरे' म्हणायची आपल्याकडे रीत आहे, पण ते ऐकायची नाही.

त्या पंगतीत माझ्या डावीकडे जाऊबाई आणि उजवीकडे नणंद होती. जाऊबाई डॉ. दीक्षितांच्या अनुयायी. दिवसातून दोनदाच जेवायचं, आणि ते जेवण 55 मिनिटांत आटपायचं. हा विचार मुळात डॉ. श्रीकांत जिचकारांचा, हे त्या आठवणीनं सांगतात. खाल्लं की इन्सुलिन स्रवतं, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, असं त्यामागचं साधं शास्त्र. जाऊबाईंनी पानाशेजारी मोबाइलवर घड्याळ लावलं होतं. गोड कमी खा, प्रथिनं वाढवा, असंही डॉक्टरांनी सांगितलंय, पण बहुधा तेवढा भाग येण्याआधीच त्यांचा व्हिडिओ संपला असावा. चौथी पोळी त्यांनी बावन्नाव्या मिनिटाला मागितली आणि वाढणाऱ्याला "जरा पटपट" असं दटावलं. नणंद ऋजुता दिवेकरांची. तूप, भात, केळं, नारळ यांना घाबरू नका, आजी खायची ते खा, हे तिचं वेदवाक्य. त्यामुळे तिच्या पोळीवरचं तूप ओघळून कोशिंबिरीच्या प्रांतात शिरलं होतं. दोघी एकमेकींच्या पानाकडे बघून कीव करत होत्या. पु. लं.नी 'बटाट्याची चाळ'मध्ये 'उपास' लिहिला तेव्हा सल्ला द्यायला शेजाऱ्यापाजाऱ्यांना निदान दारापर्यंत यावं लागत होतं. आता पक्ष झालेत. दोन्हीकडच्या डॉक्टर-ताईंचं सांगणं नीट ऐकलं तर भूक लागली की जेवा आणि पोट भरलं की उठा, असंच काहीतरी निघतं. पण एवढ्या साध्या गोष्टीसाठी पक्ष कोण काढणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्यानं दीड किलो जास्त दाखवलं. माझ्या मुलीला अशा वेळी आईची फार काळजी वाटते, म्हणजे ती आकडे घेऊन येते. तिनं कागदावर मांडून दाखवलं. अंगावर एक किलो चरबी चढायला साधारण 7,700 कॅलरी जादा खाव्या लागतात. दीड किलोला साडेअकरा हजार. तुपासकट एक पुरणपोळी साडेतीनशेची धरली, तर नेहमीचं जेवण जेवून वर तेहतीस पोळ्या. तेहतीस हा आकडा आपल्याकडे देवांसाठी राखीव आहे. पूर्वी पैजा लावून जिलब्या उठवणारे महाभाग होते म्हणतात, त्यांच्यासाठी फार तर.

"मग हा काटा काय दाखवतोय?"

"पाणी, आई."

ते असं असतं. खाल्लेल्या गोडाधोडातली आणि भातातली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंमध्ये साठवतं, आणि तिच्या दर ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पापड, लोणचं, भजी आणि आमटीतलं मीठ आणखी पाणी अडवतं. शिवाय कालच्या सोळा भाज्या अजून मुक्कामाला असतात, त्यांचंही वजन असतंच. दोन-तीन दिवस रोजचं साधं जेवलं की बरंचसं पाणी आपलं आपण निघून जातं. हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं की त्या आनंदात मी चहाबरोबर काय खाल्लं ते मुलीला सांगितलं नाही.

नवऱ्याला मात्र हे शास्त्र मान्य नव्हतं. त्याच्या मते पाप झालं की प्रायश्चित्त हवं. सकाळीच त्यानं जाहीर केलं, "आज मी काहीही खाणार नाही." आवाज असा, की वर्तमानपत्रवाल्यांना बोलवावं. नऊ वाजता लिंबूपाणी झालं. साडेदहाला बिनसाखरेची कॉफी. अकरा वाजता तो स्वयंपाकघरात येऊन कुणाशीच न बोलता परत गेला. साडेअकराला पुन्हा आला. बाराच्या सुमाराला मी बघते तर हा ओट्याशी उभं राहून दुधात पुरणपोळी कुस्करतोय. मी बघितलंय हे बघून म्हणाला, "लिक्विडच आहे."

त्यानंतर त्यानं सगळ्यात घातक वाक्य उच्चारलं. "आता मोडलंच आहे, तर आजचा दिवस जाऊ दे. सोमवारपासून बघू."

हे वाक्य अमेरिकेतही म्हणतात, असं दिसतं. 1975 साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थिनींवर एक प्रयोग केला होता. चव सांगण्याच्या निमित्तानं काही जणींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग पुढ्यात आइस्क्रीम ठेवून हवं तेवढं खायला सांगितलं. ज्या एरवी बेतानं खायच्या भानगडीत नसत, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. सरळ आहे, पोट भरलेलं होतं. ज्या खाण्यावर सतत लगाम ठेवून असत, त्यांनी मात्र मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त खाल्लं. आजचा नेम मोडलाच आहे, मग आता कशाला हात आखडायचा! एवढ्यासाठी प्रयोगशाळा कशाला लागते कळत नाही. गौरीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीत कुठल्याही मजल्यावरची बेल वाजवली असती तरी चाललं असतं.

बरं, सोमवार म्हणावा तर तो येतो कुठे? गौरी बुधवारी जेवल्या होत्या. सोमवारपर्यंतचे दिवस फ्रिजच्या स्वाधीन. सोमवार उजाडला तो अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, म्हणजे तो बाद. विसर्जन झालं की लगेच पितृपक्ष, वडे आणि खीर. पितरांना नाही कसं म्हणणार? मग नवरात्र, कोजागिरीचं आटीव दूध, दिवाळीचा फराळ, तुळशीच्या लग्नानंतर माणसांची लग्नं आणि त्याआधीची केळवणं, थंडीत हुरडा, संक्रांतीला तीळगूळ. होळीला पुन्हा पुरणाचीच पोळी, आणि ती पचतेय तोवर आंबा. मराठी कॅलेंडरात डाएटला सोयीचा सोमवार मी भिंग घेऊन शोधला आहे. नाही.

पण त्याच कॅलेंडरात मला दुसरी एक गोष्ट दिसली. चतुर्थीला मोदक, आणि लगेच दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. म्हणजे ऋषीची भाजी : अळू, माठ, भेंडी, पडवळ, भोपळा, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे. बैलाच्या श्रमानं पिकवलेलं काही चालत नाही आणि तेल जवळजवळ नाहीच. गौरींचंही तसंच. आमच्याकडे त्या येतात त्या संध्याकाळी त्यांना मेथीची भाजी आणि भाकरी. दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचं साग्रसंगीत. तिसऱ्या दिवशी निघताना दहीभात. मधल्या दिवसाबद्दल त्यांना कुणी काही विचारत नाही, त्याही सांगत नाहीत. दहीभात खातात आणि जातात. काळ्या कॉफीचं नावही नाही.

सासूबाईंचं वागणं असंच असतं, हे तेव्हा लक्षात आलं. वय अठ्ठ्याहत्तर, आणि लग्नातला शालू नेसल्या तर आजही निऱ्या तेवढ्याच पडतील. त्या कधी डाएट करत नाहीत आणि त्यांचं कधी काही मोडतही नाही. पंगतीच्या दिवशी त्या तुपाची धार धरून दोन पोळ्या व्यवस्थित जेवल्या. रात्री आम्ही सगळे सोफ्यावर पसरून "आता आठवडाभर जेवण नको" असं म्हणत होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "मुगाची खिचडी टाक गं थोडी. पापड भाज, तळू नको." आणि वाटीभर खिचडी ताकाबरोबर खाऊन झोपल्या. सकाळी नेहमीसारखी अर्धी भाकरी.

मला वाटलं, बाईंना सापडलंय. म्हणून मी त्यांच्यावर बारीक नजर ठेवली, आणि मग खरी गोम कळली. उरलेलं त्या स्वतः कधीही संपवत नाहीत. पातेल्यातली चार भजी त्या हळूच मुलीच्या ताटात सरकवतात. पंचामृताची वाटी मुलासमोर ठेवून "तुला आवडतं ना" म्हणतात. बाकी सगळं माझ्याकडे, त्या प्रेमळ वाक्यासकट. पन्नास वर्षं त्या सडपातळ राहिल्या आहेत, ते आधी सासऱ्यांच्या आणि मग माझ्या जिवावर.

"आई, तुम्हीच घ्या ना ती पोळी."

"मला मेलीला काय करायचंय आता या वयात? टाकायचं नाही गं, अन्न आहे. एवढंसंच तर उरलंय."

तेव्हा मी ठरवलं की खाणं नाही, उरलेलं आवरायचं. आधी कामाच्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, तुमचं पाचवं घर. सगळीकडे पुरणच. मला डॉक्टरनं साखर सांगितलीय." बरोबर होतं. त्यांना आमच्या पुरणाची नाही, भरपगारी सुट्टीची गरज होती; ती दिली. पुरणाचा उरलेला गोळा फ्रीझरमध्ये टाकावा असं मुलीनं सुचवलं, पण फ्रीझरमधलं पुरण हे रात्री अकराला हाक मारतं हा पूर्वानुभव आहे. कटाची आमटी ठेवली. तिच्याबद्दल तडजोड नाही. दुसऱ्या दिवशी मसाला मुरलेली, वर गोड्या मसाल्याचा तवंग आलेली आमटी आणि गरम भात हा कुठल्याही तक्त्यात बसवता येतो, फक्त वाटी ठरलेली घ्यायची. आमटी-भात, काकडीची कोशिंबीर, रात्री ज्वारीची भाकरी आणि दोडक्याची भाजी, असं मी त्याच दिवशी, गुरुवारीच सुरू केलं. सोमवार नसतानाही भाकरी फुगली.

राहिल्या पोळ्या. त्या स्टीलच्या डब्यात नीट रचल्या, वर तुपाची छोटी वाटी ठेवली आणि डबा समोरच्या वहिनींकडे नेऊन दिला. त्यांच्याकडे गौरी नसतात, दीड दिवसाचा गणपती असतो. त्यांनी "अय्या, कशाला एवढं!" म्हणत तो घेतला. परत येताना मला इतकं मोकळं वाटत होतं की दोन जिने चढून उगाच गच्चीपर्यंत जाऊन आले.

संध्याकाळी बेल वाजली. दारात वहिनींचा मुलगा, हातात आमचा डबा. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे मी पोळ्या रचताना विसरले नव्हते, पण फार तर साखरेचा चमचा असेल असं धरून चालले होते. डबा सकाळपेक्षा जड लागला. उघडला तर काठोकाठ ओल्या नारळाच्या वड्या, वर केशर.

"आईनं सांगितलंय," पोरगा म्हणाला, "एवढ्याशाच उरल्यात, संपवून टाका म्हणावं. ती डाएटवर आहे."

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्याच. त्यांनी डब्यात डोकावून बघितलं आणि माझ्या हातात एक वडी ठेवली.